हिरवा खडा : पाचू की काच?



पावसाळ्याचे दिवस होते. कॉलेज सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पहिल्या वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर मागे थांबला. त्याने खिशातून कागदाची एक पुडी काढली. पुडीत कापूस होता आणि कापसात एक हिरवागार, पायऱ्यापायऱ्यांचे पैलू पाडलेला खडा होता. आजीच्या अंगठीचे कोंदण सैल होऊन तो निखळला होता. भावाभावांच्या वाटणीत त्याच्या वडिलांनी ही 'पाचूची अंगठी' घेतली होती आणि तिच्या बदल्यात रोख रकमेवरचा हक्क सोडला होता. आता धाकट्या बहिणीला शिक्षणासाठी शहरात ठेवायचे होते, म्हणून खडा विकावा असे घरात चालले होते. एक सराफ म्हणाला, पाचू आहे. दुसरा म्हणाला, काच आहे. आणि जो पाचू आहे म्हणाला, तोच तो विकत घ्यायला तयार नव्हता!

"सर, आपल्या प्रयोगशाळेत हे कळेल का?" त्याने विचारले.

मी रत्नपारखी नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो. पण थोडा विचार केला तर लक्षात येईल की, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचाच आहे. समोर एक घन पदार्थ आहे. त्याला न फोडता, न ओरखडता, तो कशाचा बनला आहे हे ठरवायचे आहे. यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान तुमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात आहे. ते कसे वापरायचे, ते या लेखात पाहू.

रंगावर का जाऊ नये?

पाचू म्हणजे बेरिल या खनिजाचा हिरवा प्रकार. बाजारात त्याला पन्ना म्हणतात, संस्कृतात मरकत. बेरिलमध्ये बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही मूलद्रव्ये असतात. शुद्ध बेरिल पाण्यासारखे रंगहीन असते. स्फटिक वाढत असताना काही थोड्या ॲल्युमिनियम अणूंच्या जागी क्रोमियमचे किंवा व्हॅनेडियमचे अणू बसले, की त्याला पाचूचा हिरवा रंग येतो.

आता गंमत पाहा. माणकाचा लाल रंगही क्रोमियममुळेच येतो! दोन्ही स्फटिकांत क्रोमियमभोवती सहा ऑक्सिजन अणू असतात. पण या शेजाऱ्यांचा क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनांवर पडणारा प्रभाव पाचूत थोडा कमी असतो. त्यामुळे प्रकाशातला कोणता भाग शोषला जाणार, ते बदलते. माणिक हिरवा-पिवळा भाग शोषून घेते आणि लाल सोडते. पाचू नारिंगी-लाल भागाचा मोठा वाटा शोषून घेतो आणि हिरवा सोडतो. म्हणजे रंग केवळ 'कोणता अणू' यावर ठरत नाही, तो 'कोणाच्या शेजारी' यावरही ठरतो.

याची दुसरी बाजू अशी की, अगदी वेगवेगळ्या पदार्थांना डोळ्याला सारखाच हिरवा रंग देता येतो. काचेच्या रसात लोखंडाचे, तांब्याचे किंवा क्रोमियमचे ऑक्साइड मिसळले की हिरवी काच तयार होते. सोड्याच्या जुन्या बाटल्या तुम्ही पाहिल्याच असतील. म्हणून रंग हा साक्षीदार सर्वांत बोलका असला, तरी सर्वांत कमी भरवशाचा.

या साक्षीदाराने मोठमोठ्यांना फसवले आहे. इटलीतील जिनोआ शहराच्या कॅथेड्रलमध्ये एक षट्कोनी हिरवे तबक आहे. ते ११०१ साली सीझेरिया शहर जिंकल्यावर तेथून आणले गेले, असे सांगतात. ते एकाच अखंड पाचूतून कोरलेले आहे, अशी कित्येक शतके समजूत होती. पुढे नेपोलियनने ते पॅरिसला नेले. १८१६ मध्ये ते परत आले तेव्हा त्याचे तुकडे झालेले होते. ते पाचूचे नसून हिरव्या काचेचे होते! पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी यानेही रंगहीन स्फटिकाला रंग देऊन पाचू बनवण्याच्या लबाडीचा उल्लेख केला आहे आणि इतका नफा देणारी दुसरी लबाडी नाही, असे म्हटले आहे. म्हणजे हा धंदा आजकालचा नाही.

नकली आणि कृत्रिम यांत फरक आहे

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्द नीट वेगळे करू.

जो पदार्थ पाचू नाही पण पाचूसारखा दिसतो, तो नकली पाचू. हिरवी काच हे त्याचे सर्वांत स्वस्त उदाहरण. प्रयोगशाळेत बनवलेले हिरवे स्पिनेल, यिट्रियम आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांपासून बनवलेला 'याग' हा स्फटिक, हिरवी क्युबिक झिर्कोनिया, हेही याच गटातले. याशिवाय जोडखडे असतात. हिरव्या काचेवर गार्नेटची पातळ चकती वितळवून बसवतात, म्हणजे वरचा भाग कठीण होतो आणि लवकर झिजत नाही. किंवा रंगहीन क्वार्ट्झचे दोन तुकडे घेऊन मध्ये हिरव्या रंगाचा थर देऊन चिकटवतात. वरून पाहणाऱ्याला सगळा खडा हिरवा वाटतो.

कृत्रिम पाचू ही गोष्ट निराळी. तो माणसाने बनवलेला असतो, पण त्यात तीच मूलद्रव्ये, तीच स्फटिकरचना आणि तेच क्रोमियम असते. तो पाचूच असतो. फक्त खाणीत जन्मलेला नसतो. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

आर्किमिडीजची साक्ष

मुलाच्या हातातला खडा कोंदणातून सुटलेला होता, हे आमच्या पथ्यावर पडले. अंगठीत बसवलेल्या खड्याचे विशिष्ट गुरुत्व काढता येत नाही, कारण सोन्याचे वजन त्यात मिसळते.

प्रयोग तुम्हाला माहीत आहे. पदार्थाचे हवेतले वजन घ्यायचे. मग तो बारीक धाग्याने तराजूच्या भुजेला टांगून पाण्यात पूर्ण बुडवायचा आणि पुन्हा वजन घ्यायचे. वजनात जितकी घट येते, तितके वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे असते. हवेतल्या वजनाला या घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते.

खड्याचे हवेतले वजन १.६४ ग्रॅम भरले. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे हा खडा ८.२ कॅरटचा झाला. पाण्यात वजन १.१२ ग्रॅम आले. घट ०.५२ ग्रॅम.

१.६४ ÷ ०.५२ = ३.१५

पाचूचे विशिष्ट गुरुत्व २.६७ ते २.७८ या दरम्यान असते. मुलाचा चेहरा उतरला. पण त्याने तक्ता पाहिला आणि म्हणाला, "सर, टुर्मलीनचे ३ ते ३.२ दिले आहे. टुर्मलीन पण रत्नच ना?" मलाही क्षणभर तसे वाटले. मग मी वाकून चंचुपात्रात पाहिले. खड्याच्या सपाट तळाला हवेचे चार-पाच बुडबुडे चिकटलेले होते! बुडबुडे खड्याला वर उचलतात, घट खोटी वाढते आणि विशिष्ट गुरुत्व कमी दिसते. जी चूक न करण्याबद्दल मी दर वर्षी विद्यार्थ्यांना बजावतो, तीच माझ्या हातून झाली होती. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला, मऊ कुंचल्याने बुडबुडे काढले आणि पुन्हा मोजले. आता पाण्यातले वजन १.१६ ग्रॅम आणि घट ०.४८ ग्रॅम आली.

१.६४ ÷ ०.४८ = ३.४२

मुलाने पुन्हा मोजायला सांगितले. पुन्हा मोजले. त्याने तिसऱ्यांदा स्वतःच्या हाताने मोजले. उत्तर तेच आले.

पण या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा? आमचा तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजतो. दोन्ही वजनांत तेवढी चूक धरली तर घट ०.४६ ते ०.५० ग्रॅमच्या दरम्यान येते, म्हणजे विशिष्ट गुरुत्व ३.२८ ते ३.५७ च्या दरम्यान. एवढी सूट दिली तरी २.७८ फार खाली राहते. म्हणून खडा पाचू नाही, हे आम्ही ठामपणे म्हणू शकलो. टुर्मलीनही बाद झाले.

हेच उलट झाले असते तर? समजा, उत्तर २.७२ आले असते. आमच्या तराजूची चूक धरून ते २.६३ ते २.८१ यांपैकी काहीही असू शकले असते. या पट्ट्यात पाचूही बसतो, २.६५ चे क्वार्ट्झही बसते आणि कृत्रिम पाचूही बसतो. तेव्हा आम्हाला 'पाचू आहे' असे म्हणता आले नसते. 'पाचू असू शकेल' एवढेच म्हणता आले असते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. चाचणीचा 'नाही' पक्का असू शकतो, पण एका चाचणीचा 'होय' कधीच पक्का नसतो.

पुढील तक्त्यात काही हिरव्या खड्यांची माहिती दिली आहे.

पदार्थ | विशिष्ट गुरुत्व | वक्रीभवनांक | वक्रीभवन
नैसर्गिक पाचू | २.६७–२.७८ | १.५७–१.६० | दुहेरी
कृत्रिम पाचू | २.६५–२.७० | १.५६–१.५८ | दुहेरी
क्वार्ट्झ | २.६५ | १.५४–१.५५ | दुहेरी
काच | २.३–४.५ | १.४७–१.७० | एकेरी
टुर्मलीन | ३.०–३.२ | १.६२–१.६४ | दुहेरी
फ्लोराइट | ३.१८ | १.४३ | एकेरी
पेरिडॉट | ३.३–३.५ | १.६५–१.६९ | दुहेरी
कृत्रिम स्पिनेल | ३.६३ | १.७३ | एकेरी
याग | ४.५५ | १.८३ | एकेरी
क्युबिक झिर्कोनिया | ५.६–६.० | २.१५–२.१८ | एकेरी

आता ३.४२ या आकड्याजवळ कोण उरले? पेरिडॉट हे रत्न आणि काच. काचेच्या रसात शिशाचे ऑक्साइड जितके जास्त, तितकी ती जड होते आणि तितकी जास्त चमकते. म्हणून नकली रत्नांसाठी शिशाची काच पूर्वीपासून वापरली जाते. पेरिडॉट की काच? तक्त्यातला शेवटचा स्तंभ पाहा. तेथे दोघांत फरक आहे.

दोन पोलरॉइडांमधला खडा

साध्या प्रकाशाच्या लहरी, प्रकाश ज्या दिशेने जातो तिच्याशी काटकोनात, सर्व दिशांनी कंप पावतात. पोलरॉइडच्या पातळ पत्र्यातून गेल्यावर त्यांचे कंपन एकाच दिशेत राहते. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. पहिल्या पोलरॉइडवर दुसरा ठेवून हळूहळू फिरवा. एका स्थितीत दोघांतून काहीच प्रकाश येत नाही. पूर्ण अंधार होतो.

या अंधाराच्या स्थितीत दोघांच्या मध्ये खडा धरा आणि गोल फिरवा. काचेतील अणूंची रचना विस्कळीत असते आणि कोणत्याही दिशेने पाहिले तरी सरासरीने सारखीच असते. म्हणून प्रकाशाच्या सर्व कंपनांना ती सारखीच वागवते आणि खडा काळाच राहतो. यालाच एकेरी वक्रीभवन म्हणतात. स्पिनेल, याग, फ्लोराइट हे स्फटिक असले तरी त्यांची रचना घनाकृती वर्गातली असल्यामुळे तेही असेच वागतात.

पाचूचा स्फटिक षट्कोनी असतो. त्याच्या उभ्या अक्षाच्या दिशेला अणूंची मांडणी वेगळी आणि आडव्या दिशेला वेगळी. त्यामुळे आत शिरलेल्या प्रकाशाचे दोन भाग होतात आणि ते निरनिराळ्या वेगाने जातात. बाहेर पडताना ते एकत्र येतात, तेव्हा प्रकाशाचे कंपन मूळ दिशेत राहिलेले नसते. म्हणून दुसऱ्या पोलरॉइडमधून काही प्रकाश सुटतो. खडा एक पूर्ण फेरी फिरवला तर तो चार वेळा उजळतो आणि चार वेळा काळा पडतो.

येथेही दोन सावधगिरी हव्यात. प्रकाश स्फटिकाच्या उभ्या अक्षाच्या दिशेनेच जात असेल तर पाचूही उजळणार नाही. म्हणून खडा निदान तीन वेगवेगळ्या बाजूंनी पाहावा. दुसरे, घाईने थंड केलेल्या काचेत ताण राहतो आणि ती अधूनमधून अनियमितपणे उजळते. पण तिची चार वेळा उजळण्याची स्वच्छ शिस्त नसते.

आमचा खडा सर्व बाजूंनी काळाच राहिला. एका कोपऱ्यात फक्त अंधुक, वाकडातिकडा पट्टा दिसला. पेरिडॉट बाद झाले. पेरिडॉटचे दुहेरी वक्रीभवन तर इतके मोठे असते की, भिंगातून पाहिले तर मागच्या पैलूंच्या कडा जोडीजोडीने दिसतात. आमच्या खड्यात प्रत्येक कड एकच दिसत होती.

भिंगातून पोटात पाहणे

आता दहा पट मोठे दाखवणारे भिंग घेतले. काचेच्या पोटात तीन गोष्टी शोधायच्या असतात. पहिली म्हणजे रसात अडकलेले हवेचे गोल किंवा लांबट बुडबुडे. दुसरी, पाकात दिसतात तशा वळणावळणाच्या रेषा, ज्या रस नीट न ढवळल्याच्या खुणा असतात. तिसरी, झिजून बोथट झालेल्या पैलूंच्या कडा. आमच्या खड्यात एका कडेला दोन गोल बुडबुडे होते आणि कडा गुळगुळीत झाल्या होत्या. तीन साक्षी एकाच बाजूने लागल्या. खडा काचेचा होता.

खऱ्या पाचूचे पोटही क्वचितच स्वच्छ असते. त्यात बारीक भेगा असतात, दुसऱ्या खनिजांचे कण असतात आणि द्रवाने भरलेले लहान लहान कप्पे असतात. या गुंत्याला फ्रेंच लोक 'बाग' म्हणतात. कोलंबियातील पाचूंमध्ये एक सुंदर खूण सापडते. एकाच कप्प्यात खारे पाणी, त्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक! स्फटिक वाढत असताना भोवती असलेले खारे पाणी त्यात कायमचे कोंडले गेले, त्याचा हा पुरावा. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात कोलंबियाच्या खाणी ताब्यात घेतल्यावर तेथले पाचू समुद्रमार्गे, गोव्याच्या बाजारातूनही, मोगल दरबारापर्यंत पोचले. आपल्या देशात राजस्थानात १९४३ साली पाचूचा शोध लागला आणि जयपूर हे पाचूला पैलू पाडण्याचे जगातले एक मोठे केंद्र आहे.

म्हणून नियम असा सांगता येईल की, मोठा, गडद हिरवा आणि पोटात काहीही नसलेला खडा स्वस्तात मिळत असेल, तर आनंद होण्यापूर्वी संशय यायला हवा.

वरील तिन्ही परीक्षांतून एक नकली खडा मात्र सुटून जाऊ शकतो. तो म्हणजे क्वार्ट्झचा जोडखडा. त्याचे विशिष्ट गुरुत्व पाचूच्या जवळ, तो पोलरॉइडमध्ये उजळतो आणि नैसर्गिक क्वार्ट्झ असल्याने पोटात खऱ्या भेगाही असतात. त्याला पकडण्याची युक्ती फार सोपी आहे. खडा पांढऱ्या बशीत पाण्याखाली ठेवून बाजूने पाहा. पाण्यात पृष्ठभागावरची चकाकी कमी होते आणि रंगहीन तुकड्यांमधला हिरवा थर रेषेसारखा दिसतो. गार्नेटची चकती बसवलेला हिरवा काचखडा असेल तर तो पांढऱ्या कागदावर पालथा ठेवावा. कडेभोवती लालसर कडे दिसते, कारण गार्नेट लाल असते. एक चोर ज्या दारातून सुटतो, त्याला पकडणारी परीक्षा दुसऱ्या दारात उभी असते!

लाल दिसणारा पाचू

१९३४ च्या सुमारास लंडनच्या चेल्सी येथील पॉलिटेक्निकमध्ये एक रंगगाळणी तयार झाली. तिला चेल्सी फिल्टर म्हणतात. ती प्रकाशातले दोनच भाग जाऊ देते, एक गडद लाल आणि दुसरा पिवळट हिरवा. पाचूतील क्रोमियम पिवळट हिरवा भाग शोषते, पण अगदी टोकाचा गडद लाल प्रकाश सोडते. म्हणून या गाळणीतून पाहिले की हिरवा पाचू चक्क लालसर दिसतो. सामान्य हिरवी काच मात्र हिरवीच राहते.

हे पाहून कोणालाही वाटेल की, झाले, पाचूची परीक्षा मिळाली! पण येथेही तोच धडा आहे. भारतातील व आफ्रिकेतील अनेक पाचूंमध्ये लोह जास्त असते. ते या गाळणीतून लाल दिसत नाहीत, तरी खरे असतात. उलट कृत्रिम पाचू झगझगीत लाल दिसतो, तरी खाणीतला नसतो. ही परीक्षा घेताना उजेडही योग्य हवा. सूर्यप्रकाश किंवा तारेचा दिवा चालतो. एलईडीच्या प्रकाशात गडद लाल भाग फार कमी असतो, त्यामुळे निष्कर्ष चुकतो.

माणसाने पिकवलेला पाचू

१९०२ साली ऑग्युस्त व्हर्न्यूई या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. मग पाचू तसाच का बनवत नाहीत? कारण बेरिल वितळवून थंड केले की अणूंना आपापल्या जागी बसायला सवड मिळत नाही आणि स्फटिकाऐवजी काच तयार होते. मूलद्रव्ये तीच, प्रमाण तेच, पण या काचेचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.४५ आणि वक्रीभवनांक सुमारे १.५२ भरतो. रांगेत उभी राहिलेली मुले कमी जागा व्यापतात आणि गर्दीतली जास्त, तसेच हे आहे.

म्हणून दुसरा मार्ग शोधावा लागला. साखरेच्या पाकातून जशी खडीसाखर वाढते, तसे बेरिलचे घटक वितळलेल्या क्षारात विरघळवून त्यातून सावकाश स्फटिक वाढवायचे. १८४८ साली एबेलमेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अशा रीतीने पाचूचे अगदी बारीक स्फटिक मिळवले होते. दागिन्यात बसतील असे स्फटिक १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅरोल चॅटम यांनी आणि १९६० नंतर फ्रान्समधील पिएर गिल्सन यांनी वाढवले. १९६० च्याच दशकात दुसरी रीत आली. बंद पोलादी भांड्यात ५०० ते ६०० अंश सेल्सियस तापमानाला आणि वातावरणाच्या शेकडो पट दाबाखाली पाण्याच्या द्रावणातून पाचू वाढवण्याची. एकेका स्फटिकाला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून कृत्रिम पाचू काचेसारखा कवडीमोल नसतो.

तो ओळखायचा कसा? खाणीतल्या बेरिलच्या स्फटिकात अणूंच्या कड्यांमधून सरळ पोकळ नळ्या गेलेल्या असतात आणि त्यांत पाण्याचे रेणू अडकलेले असतात. वितळलेल्या क्षारातून वाढवलेल्या पाचूत हे पाणी नसते. म्हणून त्याचे विशिष्ट गुरुत्व व वक्रीभवनांक किंचित कमी असतात आणि अवरक्त वर्णपटात पाण्याची खूण उमटत नाही. त्याच्या पोटात क्षाराचे विरळ पडदे आणि कधी भांड्याच्या प्लॅटिनमचे चमकते कण सापडतात. पाण्याच्या द्रावणातून वाढवलेल्यात पाणी असते, पण त्याच्या वाढीच्या नागमोडी रेषा वेगळ्या असतात. हे काम आपल्या तराजूचे नव्हे. त्यासाठी मुंबई, जयपूर येथे रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत.

कृत्रिम पाचू 'कृत्रिम' म्हणून विकला तर त्यात काही गैर नाही. तो खाणीतला म्हणून विकला तर ती फसवणूक. म्हणजे खोटेपणा खड्यात नसतो, तो विकणाऱ्याच्या शब्दात असतो. हेच खऱ्या पाचूलाही लागू पडते. त्याच्या भेगा दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवतात. ही रीत जुनी आहे आणि सांगून केली तर व्यापारात मान्यही आहे. पण तेलात हिरवा रंग मिसळून फिका खडा गडद म्हणून खपवला, तर खरा पाचूही खोटे बोलू लागतो.

काय करू नये

खड्याने काच ओरखडून पाहू नये. क्वार्ट्झ, याग, स्पिनेल हे सगळेच काचेवर ओरखडा पाडतात, त्यामुळे काही सिद्ध होत नाही. शिवाय पाचू कठीण असला तरी ठिसूळ असतो, त्याचा कोपरा उडू शकतो. खडा तापवू नये, आणि स्पिरिटमध्ये किंवा साबणाच्या कढत पाण्यात बुडवू नये. मुरवलेले तेल निघून जाईल किंवा जोडखडा सुटेल. दुधात टाकल्यावर दूध हिरवे दिसले तर पाचू खरा, असे काही लोक सांगतात. कोणताही पारदर्शक हिरवा तुकडा टाकून पाहा, तोही तसाच दिसेल. बुधाची पीडा टळावी म्हणून पाचू घेणारे पुष्कळ असतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल येथे बोलायचे नाही. पण त्यांच्या बोटात काच आहे की पाचू, हे तराजू नक्कीच सांगेल.

त्या विद्यार्थ्याला मी आमचे सर्व आकडे एका कागदावर लिहून दिले. 'हा खडा पाचू नाही. विशिष्ट गुरुत्व, एकेरी वक्रीभवन व बुडबुडे यांवरून तो शिशाच्या काचेचा दिसतो,' असे खाली लिहिले. पहिले चुकलेले मोजमापही त्यात ठेवले आणि ते का चुकले तेही लिहिले. कागद हातात देताना मला बरे वाटले नाही. तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "बरे झाले सर, वडील या खड्यावर कर्ज काढणार होते." बहिणीच्या शिक्षणाची सोय त्या खड्यातून व्हायची नव्हती. पण कर्जाचा खड्डा तरी टळला.

करून पाहा

१. काचेची गोटी, स्फटिकाच्या माळेतला एक मणी आणि एखादा सुटा रंगीत खडा घ्या. प्रत्येकाचे विशिष्ट गुरुत्व तीन-तीन वेळा काढा. तिन्ही उत्तरांत किती फरक पडतो ते लिहा. बुडबुडे मुद्दाम राहू देऊन एकदा मोजा आणि चूक कोणत्या दिशेने होते ते पाहा.

२. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचा पोलरॉइड शिक्षकांच्या मदतीने काढून त्याचे दोन तुकडे करा. त्यांच्यामध्ये गोटी, मणी आणि प्लॅस्टिकची पट्टी धरून पाहा. पट्टीत जे रंग दिसतात ते कशामुळे, याचा विचार करा.

३. काचेचा तुकडा क्रमाने पाण्यात, ग्लिसरीनमध्ये आणि लवंगेच्या तेलात बुडवा. तुकड्याच्या कडा कोणत्या द्रवात सर्वांत पुसट होतात? द्रवाचा आणि काचेचा वक्रीभवनांक जवळ आला की असे होते. हा प्रयोग काचेवरच करा, घरच्या दागिन्यांवर नको.

४. एक हिशेब : एका हिरव्या खड्याचे हवेतले वजन २.०० ग्रॅम आणि पाण्यातले १.५६ ग्रॅम आहे. तो दोन पोलरॉइडांमध्ये सर्व बाजूंनी काळाच राहतो. वरील तक्त्याच्या आधारे तो कोणता असेल? आणि कोणता नक्कीच नसेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहा.